फ्लिन परिणाम आणि पालक

विसाव्या शतकात बहुतेक औद्योगिक देशांत प्रत्येक नव्या पिढीने बुद्धिमापन चाचण्यांत आधीच्या पिढीपेक्षा जास्त गुण मिळवले. या वाढीला ‘फ्लिन परिणाम’ म्हणतात. तिचा वेग ढोबळमानाने दर दशकाला ३ गुण असा धरला जातो. बुद्ध्यंकाची सरासरी १०० मानायची प्रथा असल्याने दर नव्या प्रमाणीकरणात, म्हणजे गुणांची पट्टी नव्याने ठरवताना, ती पुन्हा १०० वर आणली जाते आणि वाढ झाकली जाते. न्यूझीलंडमधील ओटागो विद्यापीठातले जेम्स फ्लिन (१९३४–२०२०) यांनी एकाच गटाने सोडवलेल्या जुन्या व नव्या चाचण्यांची तुलना करून १९८४ मध्ये दाखवले, की अमेरिकेत १९३२ ते १९७८ या काळात सरासरी जवळजवळ १४ गुणांनी वर सरकली होती.

जनुके इतक्या झपाट्याने बदलत नाहीत. तेव्हा कारण परिस्थितीत शोधावे लागते आणि मुलाची पहिली परिस्थिती म्हणजे घर. मात्र वाढ सगळीकडे सारखी नाही. अंकगणित आणि सामान्य ज्ञानात ती किरकोळ आहे. आकृत्यांमधला क्रम ओळखणे आणि दोन गोष्टींतले साम्य सांगणे यांत ती मोठी आहे. ससा आणि कुत्रा यांच्यात साम्य काय, या प्रश्नाला जुन्या पिढीतला माणूस ‘कुत्रा सशाची शिकार करतो’ असे सांगेल, आजचा विद्यार्थी ‘दोन्ही सस्तन प्राणी’ म्हणेल. पहिले उत्तर व्यवहारात अधिक उपयोगी आहे, पण गुण दुसऱ्याला मिळतात. फ्लिन स्वतःच्या वडिलांचा किस्सा सांगत. वडिलांचा जन्म १८८५ चा. ‘उद्या सकाळी तुम्ही काळ्या वर्णाचे होऊन उठलात तर?’ असे मुलांनी विचारल्यावर ‘असे कधी कुणाचे झाले आहे का?’ म्हणून त्यांनी प्रश्नच उडवून लावला. ‘समजा’पासून सुरू होणारा विचार शाळा शिकलेल्या आईवडिलांच्या घरात बोलण्यातच मुरलेला असतो, तिथे तो वेगळा शिकवावा लागत नाही.

घराचा वाटा किती, हे दत्तक मुलांवरून कळते. स्वीडनमध्ये ४३६ भावांच्या जोड्यांचा अभ्यास २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. प्रत्येक जोडीत एक भाऊ जन्मदात्यांकडे राहिला होता, दुसरा दत्तक गेला होता. दत्तक गेलेल्यांचा बुद्ध्यंक सरासरी ४.४ गुणांनी जास्त भरला आणि दत्तक पालकांचे शिक्षण जितके अधिक तितका हा फरक वाढला. लहान कुटुंबे, पोषण, आयोडीनयुक्त मीठ यांचाही हातभार आहे, पण त्या बाबी एकट्या पालकांच्या हातातल्या नाहीत.

घरच्या वातावरणातून आलेले फरक वय वाढेल तसे पुसट होत जातात आणि आनुवंशिकतेचे पारडे जड होते. मग पिढीच्या पिढी वर कशी गेली? अर्थशास्त्रज्ञ विल्यम डिकन्स व फ्लिन यांनी २००१ मध्ये यावर गुणक परिणामाची कल्पना मांडली: थोडीशी सुधारणा झाली की मूल अधिक चुरशीची संगत व कामे शोधते, इतरांचीही पातळी वर जाते आणि ती वाढ प्रत्येकाकडे परत येते. पालकांनी दिलेला धक्का असा समाजभर फिरतो.

पालकांना सगळे श्रेय देणाऱ्यांची अडचण नॉर्वेत होते. तिथल्या लष्करभरतीच्या नोंदींत साधारण १९७५ नंतर जन्मलेल्यांचे गुण घसरू लागले. २०१८ च्या विश्लेषणात १९६२ ते १९९१ मध्ये जन्मलेले पुरुष तपासले, तेव्हा आधीची वाढ आणि नंतरची घट या दोन्ही एकाच आईवडिलांच्या पोटी आलेल्या सख्ख्या भावांमध्येही आढळल्या. पालक तेच असूनही गुण बदलले, तेव्हा कारण केवळ पालकांत शोधून भागत नाही.