माल समुद्रात असताना शुल्क बदलले, तर दर कोणता लागतो?

आयात करणाऱ्या आमच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

"ऑर्डर दिली तेव्हा ड्युटी साडेसात टक्के होती. त्या हिशेबाने पुढे माल विकूनही टाकला. आता दहा टक्के का मागतात?" प्रत्येक अर्थसंकल्पानंतर आणि अचानक निघालेल्या प्रत्येक अधिसूचनेनंतर हा प्रश्न येतो. दर ठरवताना कायदा तुमच्या ऑर्डरची तारीख पाहत नाही. पर्चेस ऑर्डर, एलसी (बँकेचे पतपत्र), इन्व्हॉइस आणि बिल ऑफ लेडिंग (माल जहाजावर चढवल्याची पावती) या चारही कागदांवरच्या तारखा इथे निरुपयोगी आहेत. सीमाशुल्क कायदा, १९६२ च्या कलम १५ मध्ये वेगळ्याच तारखा दिल्या आहेत, आणि त्या माहीत नसल्यामुळे होणारे नुकसान बहुतेक वेळा टाळता येण्यासारखे असते.

कलम १५ काय सांगते

माल थेट देशात वापरायला सोडवायचा असेल, तर बिल ऑफ एंट्री (माल सोडवण्यासाठी कस्टम्सला द्यायचे घोषणापत्र) ज्या दिवशी सादर झाले त्या दिवशीचा दर लागतो. मात्र बिल आगाऊ भरले असेल आणि जहाजाला 'एंट्री इनवर्ड' (माल उतरवायला कस्टम्सची परवानगी) नंतर मिळाली, तर बिल त्या नंतरच्या तारखेलाच सादर झाले असे कायदा मानतो. थोडक्यात, या दोन तारखांपैकी जी नंतरची, ती धरायची.

समजा, बिल ३ तारखेला भरले आणि ड्युटीही भरून टाकली. ५ तारखेपासून दर साडेसातवरून दहा टक्के झाला. जहाजाला एंट्री इनवर्ड ४ तारखेला मिळाली असेल तर साडेसात टक्के, ७ तारखेला मिळाली असेल तर दहा. 'ॲडव्हान्स बिल भरले, आता दर पक्का झाला' हा समज बाजारात सर्रास आहे आणि तो साफ चुकीचा आहे. आगाऊ बिलाने क्लिअरन्सचे दिवस वाचतात, दर बांधला जात नाही. अशा वेळी बिलाचे फेरनिर्धारण करून फरकाची रक्कम भरावीच लागते.

एंट्री इनवर्ड म्हणजे शिपिंग लाइनने कळवलेला ईटीए (जहाज पोहोचण्याची अंदाजे वेळ) नव्हे, आणि जहाज बंदराबाहेर येऊन नांगर टाकून थांबले तो क्षणही नव्हे. कस्टम्सने माल उतरवायला दिलेल्या परवानगीची ती नोंद आहे. भारत सर्फॅक्टंट्सच्या खटल्यात जहाज मुंबईला आले, धक्का मिळाला नाही म्हणून कराचीला गेले आणि परत आले. मधल्या काळात दर चढला होता. जहाज आधीच येऊन गेले होते, हा आयातदाराचा मुद्दा १९८९ मध्ये सुप्रीम कोर्टाने मान्य केला नाही आणि एंट्री इनवर्डचीच तारीख धरली. म्हणून सीएचएकडून (कस्टम्सचे काम पाहणाऱ्या एजंटकडून) आयजीएम (जहाजावरील मालाची कस्टम्सला दिलेली यादी) क्रमांकासोबत एंट्री इनवर्डची तारीख लेखी मागून घ्या. फोनवर सांगितलेली तारीख वादात कामाला येत नाही.

विनिमय दराची गोष्ट निराळी. डॉलरचा भाव कलम १४ नुसार बिल सादर केल्याच्या तारखेचाच धरतात. त्यामुळे एकाच बिलात ड्युटीचा दर एका तारखेचा आणि डॉलरचा भाव दुसऱ्या तारखेचा असू शकतो. तसे दिसले तर ती चूक समजू नका.

तारीखच नाही, वेळसुद्धा

पुलवामाच्या हल्ल्यानंतर १६ फेब्रुवारी २०१९ रोजी पाकिस्तानातून येणाऱ्या सर्व मालावर २०० टक्के शुल्क लावणारी अधिसूचना निघाली. ती ई-राजपत्रात रात्री ८ वाजून ४६ मिनिटे ५८ सेकंदांनी अपलोड झाली. अटारीच्या नाक्यावर त्याच दिवशी काही आयातदारांनी त्याआधी बिले भरून जुन्या दराने निर्धारण (शुल्काची आकारणी) केले होते आणि मालही पोहोचला होता. अधिसूचनेवर १६ तारीख आहे, म्हणजे १६ तारखेच्या सगळ्या बिलांना २०० टक्के, अशी सीमाशुल्क विभागाची भूमिका होती. सप्टेंबर २०२० मध्ये जी. एस. छाठा राइस मिल्सच्या प्रकरणात सुप्रीम कोर्टाने ती फेटाळली. अधिसूचना अपलोड होण्याच्या क्षणापूर्वी जे बिल रीतसर सादर झाले, त्याला जुनाच दर.

या निकालाचा फायदा पुरावा हातात असेल तरच मिळतो. आयसगेटवर (कस्टम्सच्या ऑनलाइन पोर्टलवर) बिल दाखल झाल्याची पावती वेळेसह जपून ठेवा आणि त्या अधिसूचनेची ई-राजपत्रातली प्रत त्याच दिवशी उतरवून घ्या. पीडीएफवरील डिजिटल सहीत वेळ नोंदलेली असते.

दर उतरणार असे वाटत असेल तर

सोने हे ताजे उदाहरण. २३ जुलै २०२४ च्या अर्थसंकल्पात सोन्यावरील शुल्क १५ वरून ६ टक्क्यांवर आणले आणि ते २४ जुलैपासून लागू झाले. एक कोटीच्या मालावर एका दिवसाने नऊ लाखांचा फरक पडला. खाद्यतेलात दोन्ही दिशांचे धक्के बसले. सप्टेंबर २०२४ मध्ये कच्च्या पाम, सोयाबीन आणि सूर्यफूल तेलावरील मूळ शुल्क शून्यावरून २० टक्के झाले, आणि मे २०२५ च्या अखेरीस ते १० वर आले. या शुल्काचा प्रत्यक्ष बोजा असा होतो: २० टक्के मूळ शुल्क, ५ टक्के कृषी उपकर आणि या दोन्हींच्या बेरजेवर १० टक्के समाजकल्याण अधिभार, म्हणजे २७.५ टक्के. मूळ शुल्क १० झाल्यावर हाच हिशेब १६.५ वर येतो. बातमीत २० आणि १० वाचून खर्च मांडला, तर दोन्ही वेळा चुकतो.

बिल उशिरा भरून वाट पाहण्याचा मार्ग महाग पडतो. समुद्रमार्गे येणाऱ्या मालाचे बिल जहाज येण्याच्या आदल्या दिवसअखेर भरायचे असते (जवळच्या काही देशांतून येणाऱ्या मालाला थोडी सवलत आहे). उशीर झाला तर पहिले तीन दिवस रोज ५,००० रुपये आणि पुढे रोज १०,००० रुपये. पाच दिवसांचे ३५,००० झाले, आणि त्यात कंटेनरचे डिटेन्शन (तो उशिरा परत केल्याचा आकार) व यार्डाचे भाडे अजून धरलेले नाही.

सरळ मार्ग इनबॉण्डचा. गोदामासाठीचे बिल भरून माल शुल्क न भरता बॉण्डेड (कस्टम्सच्या देखरेखीखालील) गोदामात ठेवा. मग दर एक्सबॉण्ड बिलाच्या (गोदामातून माल सोडवण्याच्या बिलाच्या) तारखेचा लागतो, म्हणजे तारीख तुमच्या हातात राहते. शुल्काच्या तिप्पट रकमेचा बॉण्ड द्यावा लागतो, आणि ९० दिवसांनंतर शुल्कावर १५ टक्के दराने व्याज सुरू होते. गोदामाची मुदत साधारणपणे एक वर्ष असते. ती संपली आणि मुदतवाढ घेतली नाही, तर एक्सबॉण्डची तारीख निवडण्याचा हक्क जातो आणि मुदत संपल्याच्या दिवशीचा दर चिकटतो. दर कपातीची खात्रीलायक शक्यता नसेल आणि शुल्काचा फरक दोन-अडीच टक्क्यांचा असेल, तर गोदामाचे भाडे धरून हा खटाटोप करू नये, असे आमचे मत आहे.

फरक खरोखर किती, ते आधी मोजा

दहा लाख रुपये मूल्याचा माल, आयजीएसटी (आयातीवरचा जीएसटी) १८ टक्के, असे धरू. मूळ शुल्क साडेसात टक्के असताना शुल्क ७५,००० आणि अधिभार ७,५००. आयजीएसटी १०,८२,५०० वर, म्हणजे १,९४,८५०. एकूण २,७७,३५० रुपये. दहा टक्के झाल्यावर शुल्क १,००,००० आणि अधिभार १०,०००. आयजीएसटी ११,१०,००० वर १,९९,८००. एकूण ३,०९,८०० रुपये. चलनावर ३२,४५० रुपये जास्त दिसतात, पण त्यातले ४,९५० आयजीएसटीचे आहेत आणि इनपुट क्रेडिट मिळत असेल तर ते परत येतात. खरा वाढलेला खर्च २७,५०० रुपये. गिऱ्हाइकाकडे वाढ मागताना हा आकडा सांगा.

वाढ गिऱ्हाइकाकडून मिळते का?

मिळते, आणि हे फार थोड्यांना माहीत असते. वस्तुविक्री कायदा, १९३० चे कलम ६४अ असे सांगते की करार झाल्यावर सीमाशुल्क वाढले, तर विक्रेता तेवढी रक्कम किमतीत वाढवू शकतो आणि कमी झाले, तर खरेदीदार तेवढी कापून घेऊ शकतो. अट एकच. करारात याच्या उलट काही ठरलेले नसावे. 'दर सर्व कर व शुल्कांसह पक्के, कोणतीही वाढ दिली जाणार नाही' ही ओळ सरकारी आणि मोठ्या कंपन्यांच्या टेंडरांत हमखास असते, आणि आपले लोक स्वतःच्या कोटेशनमध्येही ती सवयीने छापतात. त्या एका ओळीने कलम ६४अ चा हक्क जातो. तिच्या जागी असे लिहा: "दर आजच्या सीमाशुल्काच्या दरावर आधारित आहेत. बिल ऑफ एंट्रीच्या वेळी लागू होणाऱ्या दरातील फरक प्रत्यक्षाप्रमाणे आकारला किंवा वजा केला जाईल." सोबत त्या दिवशीचा एचएस कोड (मालाच्या वर्गीकरणाचा क्रमांक) आणि दर दोन्ही लिहा, नाहीतर फरक कशापासून मोजायचा यावर वाद होतो.

चुकीचा दर लागला तर

इथे सर्वांत जास्त पैसे बुडतात. जास्त भरलेले शुल्क परत मागण्याची मुदत एक वर्ष आहे, पण नुसता परताव्याचा अर्ज करून भागत नाही. आयटीसी लिमिटेडच्या प्रकरणात सप्टेंबर २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितले की तुम्ही स्वतः केलेले निर्धारणही एक आदेशच आहे. तो बदलून घेतल्याशिवाय परतावा मिळणार नाही. अपिलाची मुदत ६० दिवस, योग्य कारण असेल तर आणखी ३०. हे दिवस कोणतीही नोटीस न येता सरतात. आठव्या महिन्यात हिशेब तपासताना चूक सापडली, तर अपिलाचा रस्ता बंद झालेला असतो. मग कलम १४९ खाली बिलात दुरुस्ती मागायची, किंवा २०२५ च्या वित्त कायद्याने आणलेल्या कलम १८ए खाली क्लिअरन्सनंतर नोंदीत स्वतःहून सुधारणा करायची. जास्त भरलेल्या शुल्काचा बोजा गिऱ्हाइकावर टाकलेला नाही हेही सिद्ध करावे लागते. त्यासाठी सीएचे प्रमाणपत्र आणि जुने-नवे विक्री दर दोन्ही लागतात.

अधिकाऱ्याने तुमचा दर बदलला आणि तुम्हाला तो मान्य नसेल, तर कोणत्याही कागदावर 'मान्य आहे' असे लिहून देऊ नका. माल लवकर सुटावा म्हणून अनेक जण तसे लिहून देतात. तसे न लिहिल्यास अधिकाऱ्याला कलम १७(५) नुसार १५ दिवसांत सकारण आदेश द्यावा लागतो, आणि अपील त्या आदेशावर उभे राहते.

शुल्क कमी भरले गेल्याचे तुमच्याच लक्षात आले, तर नोटिशीची वाट पाहू नका. नोटीस निघण्यापूर्वी फरक आणि १५ टक्के दराने व्याज भरले, आणि लपवाछपवीचा प्रकार नसला, तर दंड लागत नाही. विभाग साधारणपणे दोन वर्षे मागे जाऊ शकतो. माहिती दडवल्याचा आरोप असेल तर पाच.

व्यापार करारांचे दर

यूएई (मे २०२२), ऑस्ट्रेलिया (डिसेंबर २०२२) आणि एफ्टा देश म्हणजे स्वित्झर्लंड, नॉर्वे, आइसलँड व लिश्टेनस्टाइन (ऑक्टोबर २०२५) यांच्याशी झालेल्या करारांतील बऱ्याच मालाचे दर टप्प्याटप्प्याने उतरतात. तारखेचा नियम तोच. फक्त उत्पत्तीचा पुरावा हातात आहे म्हणून निर्धास्त राहू नका. सप्टेंबर २०२० पासूनच्या नियमांनुसार माल त्या देशात कसा तयार झाला याची माहिती आयातदाराजवळ हवी, ती पाच वर्षे जपायची आणि मागितल्यावर दहा कामकाजी दिवसांत द्यायची असते. ती माहिती पुरवठादाराकडून ऑर्डर देतानाच लेखी घ्या. माल आल्यावर तो देईलच असे नाही.

आम्हाला कागद पाठवताना

दराबाबत विचारायचे असेल तर इतके पाठवा: एचएस कोड आणि मालाचे तांत्रिक वर्णन, बिल ऑफ एंट्रीचा क्रमांक व पावतीवरील वेळ, आयजीएम आणि एंट्री इनवर्डची तारीख, शुल्क भरल्याचे चलन, आणि पुढच्या विक्रीची ऑर्डर किंवा कोटेशन. अर्थसंकल्पाच्या आठवड्यात माल येणार असेल, तर जहाजाचे नाव आणि बंदर जानेवारीच्या तिसऱ्या आठवड्यातच कळवा. इनबॉण्ड करायचे की थेट सोडवायचे, हे तेव्हा ठरवता येते.