निकेलचा ताणलेला थर : यांत्रिक विकृती आणि चुंबकत्व यांच्या अभ्यासाची पार्श्वभूमी

लोखंडी सळई चुंबकित केली की तिची लांबी अगदी किंचित बदलते, हे इंग्लंडमधील साल्फर्डचे जेम्स प्रेस्कॉट ज्यूल यांनी १८४२ मध्ये दाखवून दिले. हा बदल दहा लाखांत काही भाग इतकाच असतो, म्हणजे मीटरभर लांबीमागे काही मायक्रोमीटर. तरीही त्याचे परिणाम आपल्या रोजच्या कानावर पडतात. वीजपुरवठ्याच्या ट्रान्सफॉर्मरचा सततचा गुणगुणाट बऱ्याच अंशी त्याच्या लोखंडी गाभ्याच्या या आकुंचन-प्रसरणातून येतो आणि ५० हर्ट्झच्या पुरवठ्यावर तो १०० हर्ट्झचा असतो, कारण चुंबकनाची दिशा उलटली तरी लांबीतील बदल तोच राहतो. ही शेवटची गोष्ट नीट लक्षात ठेवण्यासारखी आहे, कारण आजच्या संशोधनातील एक मोठी अडचण तिच्यातूनच निर्माण झाली आहे.

चुंबकनाने आकार बदलतो, तर आकार बदलल्याने चुंबकनही बदलायला हवे. ही उलट बाजू इटलीचे एमिलिओ व्हिल्लारी यांनी १८६५ मध्ये मांडली. लोखंड या बाबतीत गुंतागुंतीचे निघाले : दुर्बल चुंबकीय क्षेत्रात ताण दिल्यास त्याचे चुंबकन वाढते आणि तीव्र क्षेत्रात तेच ताणाने घटते. निकेलचे वर्तन त्यामानाने सरळ आहे. ते चुंबकनाच्या दिशेने आखडते आणि म्हणून ताणलेल्या दिशेने चुंबकित व्हायला अनुत्सुक असते. या प्रश्नाचा सर्वांत चिकाटीचा पाठपुरावा पुढे जपानमध्ये झाला. १८७८ ते १८८३ या काळात टोकियोत शिकवणारे जेम्स आल्फ्रेड युइंग, नंतर कार्गिल नॉट आणि त्यांच्या प्रभावाखाली घडलेले नागाओका हांतारो व होंडा कोतारो यांनी लोखंड, निकेल आणि पोलाद यांच्यावर ताण आणि पीळ देऊन केलेली मापने या विषयाचा खरा पाया ठरली.

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात मात्र अभियंत्यांना हा परिणाम नकोसा होता. गुस्ताफ एल्मेन यांनी विकसित केलेल्या पर्मलॉय या निकेल-लोखंडाच्या मिश्रधातूचे मोठेपण एका योगायोगात आहे : निकेलचे प्रमाण ८० टक्क्यांच्या आसपास असताना चुंबकनामुळे होणारा लांबीतील बदल शून्यावरून जातो, त्यामुळे धातूत कुठेही ताण अडकून राहिला तरी चुंबकनाला त्याचा अडथळा होत नाही. १९२४ मध्ये न्यूयॉर्क ते अझोर्स या समुद्री तारेवर याच धातूचे वेष्टन वापरले गेले. अंतर्गत ताण चुंबकनाला नेमका कसा अडवतो, याचे गणित १९३० च्या दशकात रिखार्ड बेकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जर्मनीत मांडले. ताण आणि चुंबकन यांच्या परस्परऊर्जेचे त्यांचे सूत्र आजही पाठ्यपुस्तकांत आहे.

पातळ थरांचा धागा याच्याशी उशिरा जुळला, पण त्याची सुरुवात जुनी आहे आणि गंमत म्हणजे तिथेही निकेलच आहे. जी. जी. स्टोनी यांनी १९०९ मध्ये पोलादी पट्टीवर विद्युतविलेपनाने निकेलचा थर चढवला, तेव्हा पट्टी वाकली. त्या वाकण्यावरून थरातील ताण काढण्याचे त्यांचे सूत्र, काही सुधारणांसह, आजच्या प्रयोगशाळांतही वापरले जाते. थर आधारपृष्ठावर जमतो तो जवळजवळ नेहमीच ताणलेल्या किंवा दाबलेल्या अवस्थेत, ही जाणीव त्यातून रुजली. १९५० च्या दशकात बाष्पीभवनाने बसवलेल्या पर्मलॉयच्या थरांवर संगणकाची स्मृती उभारण्याचे प्रयत्न सुरू झाले आणि १९६२ च्या युनिव्हॅक ११०७ या संगणकात ती प्रत्यक्ष आली. तिथेही सगळी काळजी ताण निष्प्रभ करण्याचीच होती. शून्य बदलाच्या जवळची मिश्रणे त्यासाठीच निवडली जात.

माझ्या मते या इतिहासाचे खरे वळण त्या दशकांतील स्मृतियंत्रांत नसून स्फटिकवाढीच्या सिद्धान्तात आहे. एका स्फटिकावर दुसरा स्फटिक वाढवला आणि दोघांच्या अणूंमधील अंतरे थोडी वेगळी असली, तर पातळ असेपर्यंत वरचा थर खालच्या जालकाशी, म्हणजे अणूंच्या नियमित मांडणीशी, जुळवून घेतो, असे फ्रँक आणि व्हान डर मर्व्ह यांनी १९४९ मध्ये दाखवले. ठरावीक जाडीनंतर जालकात दोष निर्माण होऊन ताण सैल होऊ लागतो. धातूची सळई एक टक्काही लांब होण्याआधीच कायमची विकृत होते किंवा तुटते. थर मात्र दोन-तीन टक्के विकृती, म्हणजे मूळ आकारातील बदल, सहन करतो, कारण खालचा स्फटिक त्याला धरून ठेवतो. याचा अर्थ असा की सळईच्या प्रयोगांत कधीच पोचता आले नसते अशा ताणाखालील पदार्थ आता अभ्यासाला मिळाला, आणि हा ताण केवळ सब्स्ट्रेट, म्हणजे खालचे आधारपृष्ठ, बदलून निवडता येऊ लागला.

तांब्यावरील निकेल हे त्याचे सर्वांत स्वच्छ उदाहरण. निकेलच्या जालकाची लांबी ३.५२ अँगस्ट्रॉम (एक अँगस्ट्रॉम म्हणजे मीटरचा एक हजार कोटीवा भाग) आणि तांब्याची ३.६१ अँगस्ट्रॉम; त्यामुळे तांब्यावर वाढलेले निकेल पृष्ठभागाच्या दोन्ही दिशांनी सुमारे अडीच टक्के ताणले जाते आणि उभ्या, म्हणजे पृष्ठभागाला लंब, दिशेने आखडते. एरवी पातळ थराचे चुंबकन पृष्ठभागाला समांतर राहणे ऊर्जेच्या दृष्टीने सोयीचे असते. पण निकेल ताणलेली दिशा टाळते आणि इथे आडव्या सगळ्या दिशा ताणलेल्या असल्याने त्याला उभी दिशाच उरते. १९९४ मध्ये शुल्त्झ आणि बाबेर्श्के यांनी बर्लिनहून प्रसिद्ध केलेल्या कामात सुमारे सात अणुथरांच्या आसपास चुंबकन आडव्यावरून उभ्याकडे वळताना दिसले. त्याहून पातळ थरात पृष्ठभागाच्या अणूंचा प्रभाव वरचढ असतो आणि तो निकेलच्या बाबतीत आडव्या दिशेला अनुकूल असतो. जाडी वाढली की हा प्रभाव विरळ होतो आणि ताणाचे वर्चस्व येते. इतर अनेक धातूंच्या थरांत क्रम याच्या उलट असतो, म्हणजे अतिपातळ थर उभा आणि जाड थर आडवा, त्यामुळे निकेलने अभ्यासकांचे विशेष लक्ष वेधले.

त्याच काळात आणखी एक अस्वस्थ करणारी बाब पुढे आली. हाले येथील मॅक्स प्लांक संस्थेत आणि अन्यत्र पातळ पट्टी वाकण्याच्या पद्धतीने थरांची थेट मापने झाली, तेव्हा ताण आणि चुंबकन यांना जोडणारे सहगुणक मोठ्या स्फटिकांवरून घेतलेल्या मूल्यांशी जुळेनात; काही थरांत तर त्यांचे चिन्हही उलटे निघाले. विकृती मोठी असताना हे सहगुणक स्वतःच विकृतीवर अवलंबून असतात. मोठ्या स्फटिकांवरून केलेले तक्ते थरांना सरसकट लावता येत नाहीत, हे त्यानंतर मान्य करावे लागले.

ऑक्साइड थरांत परिणाम दिशेपुरता राहत नाही. लॅन्थॅनम-स्ट्रॉन्शियम मँगनाइटचे चुंबकन ताण देणाऱ्या स्ट्रॉन्शियम टायटनेटवर आडवे, तर दाब देणाऱ्या लॅन्थॅनम ॲल्युमिनेटवर उभे होऊ शकते. युरोपियम टायटनेट मूळ रूपात प्रतिलोहचुंबकीय असते, म्हणजे त्यातील शेजारच्या अणूंची चुंबकने उलट दिशांनी असून एकमेकांना रद्द करतात. पुरेशा विकृतीखाली ते लोहचुंबकीय (लोखंडासारखे चुंबकित) आणि लोहविद्युतीयही (आपोआप विद्युत ध्रुवीकरण धारण करणारे) होईल असे भाकीत फेनी आणि राबे यांनी २००६ मध्ये केले आणि डिस्प्रोशियम स्कँडेटवरील ताणलेल्या थरांत ते २०१० मध्ये प्रयोगाने सिद्ध झाले.

सब्स्ट्रेटचा ताण एकदा दिला की तो कायम राहतो. विद्युतदाबाने आकार बदलणाऱ्या दाबविद्युत स्फटिकावर थर बसवला, तर तो ताण हवा तेव्हा बदलता येतो आणि कमी ऊर्जेत चुंबकन वळवता येते. या दिशेचे मोठे आकर्षण तेच आहे. परंतु ट्रान्सफॉर्मरच्या गुणगुणाटात दिसणारा नियम इथे आडवा येतो : ताणाला उत्तर आणि दक्षिण ध्रुवांतील फरक कळत नाही. तो चुंबकनाला अक्ष बदलून ९० अंशांनी फिरवू शकतो, पण ० आणि १ साठवण्याकरिता हवा असलेला १८० अंशांचा उलटा बदल केवळ स्थिर ताणाने ठरवता येत नाही. त्यासाठी ताणाचा नेमका वेळ साधलेला स्पंद, एकामागोमाग वेगवेगळ्या दिशांनी दिलेले ताण किंवा जोडीला थोडे चुंबकीय क्षेत्र वा विद्युतप्रवाह लागतो, आणि आज या विषयातील बरेचसे काम याच जोडणीभोवती चालले आहे.