एरिसिक्थनचा गुन्हा कोणता?

रोमन कवी ओव्हिडच्या ‘मेटॅमॉर्फोसेस’ या काव्याचा (इ.स. 8 च्या सुमारास) हवाला पर्यावरणावरच्या लेखनात हल्ली वरचेवर दिला जातो. आणि बहुतेक वेळा पुढे केली जाते ती आठव्या सर्गातली एरिसिक्थनची कथा. धान्याची देवी सेरेस, तिच्या राईतला जुना ओक पाडायचा हुकूम तो देतो. नोकर कचरतात, तेव्हा स्वतःच कुऱ्हाड हिसकावून घेतो. झाडाची पानं-फळं फिकी पडतात, घाव बसताच बळीच्या बैलाच्या मानेतून यावं तसं रक्त उसळतं. अडवायला आलेल्याचं मुंडकं उडतं. देवी त्याच्यामागे भूक लावते. घरदार खाऊन होतं, मुलगी विकून होते, शेवटी तो स्वतःचेच लचके तोडतो.

यात झाड तोडणं हा गुन्हा, की देवीच्या मालकीवर हात टाकणं? बरेच अभ्यासक सरळ पहिलं उत्तर देतात. ते घाईचं आहे. इ.स.पू. दुसऱ्या शतकात रोमन मुत्सद्दी केटोने शेतीवर लिहिलेल्या पुस्तकात राई विरळ करण्याचा विधीच दिला आहे: डुक्कर बळी द्यायचं, ‘देव असशील वा देवी, जिची ही राई’ असं म्हणत कृपा मागायची, मग कुऱ्हाड चालवायची. आपल्याकडे देवराईतल्या झाडासाठी कौल लावतात, त्याच जातीचा हा व्यवहार. झाड पवित्र होतं, पण परवानगीने तुटत होतं.

या कथेच्या पर्यावरणवादी वाचनाला आधार आहे तो दुसरीकडे. ग्रीक कवी कॅलिमॅकसने हीच कथा आधी सांगितली, त्यात एरिसिक्थनला मेजवान्यांच्या दालनासाठी लाकूड हवं असतं. ओव्हिड ते कारणच गाळतो. उरते निव्वळ मस्ती.

ओव्हिडच्याच पहिल्या सर्गातलं लोहयुग, म्हणजे माणसाच्या अधःपतनाचं शेवटचं युग, तेही पाहावं: पूर्वी ऊन-वाऱ्यासारखी सामायिक असलेली जमीन मोजणीदार हद्दी आखून वाटतो. इ.स.पू. 41 मध्ये निवृत्त सैनिकांसाठी इटलीतल्या शेतकऱ्यांच्या जमिनी काढून घेतल्या गेल्या होत्या. तो मोजणीदार निव्वळ पुराणातला नसावा.

पुढच्या दोन पिढ्यांत रोमन कवी लुकनने पारडं उलटवलं. त्याच्या काव्यात मस्सिलियाच्या (आजचं मार्से) वेढ्यासाठी लाकूड हवं म्हणून सीझर देवराई पाडायला सांगतो. सैनिक घाबरतात, तोच पहिला घाव घालतो आणि पाप माझ्या माथी म्हणतो. देवांचा कोप आणि सीझरचा कोप तोलून सैनिक कामाला लागतात. आता शिक्षा होणार म्हणून वेढलेल्या शहरातली, तटाआडची तरुण मंडळी खूश होते. होत काहीच नाही. लाकूड वाहायला शेतकऱ्यांचे बैल ओढून नेले जातात आणि त्यांचं ते वर्ष बुडतं.