घरगुती नळ व सांडपाणी व्यवस्थेतील बिघाडांचे निदान (इंदूर)

घरात येणाऱ्या आणि घरातून बाहेर जाणाऱ्या पाण्याच्या वाटेत अडथळा वा गळती नेमकी कोठे आहे, हे फरशी फोडण्यापूर्वी लक्षणांवरून ठरविण्याची रीत. इंदुरात रामबाग, लोकमान्यनगर, राजेंद्रनगर यांसारख्या मराठी वस्तीत जुने घर विकत घेणाऱ्या कुटुंबाला या रीतीची गरज पहिल्याच वर्षी भासते. कारण भिंतीआडच्या नळांचा नकाशा बहुधा कोणाहीजवळ नसतो आणि आधीच्या मालकाने केलेल्या दुरुस्त्या बिघाड झाल्यावरच कळतात.

शहरातील अनेक घरांत दोन प्रकारचे पाणी येते. नर्मदेचे पाणी मंडलेश्वराजवळील जलूद येथून उचलून, विंध्य चढवून सुमारे ७० किमी. आणले जाते; १९७८ साली ते प्रथम इंदुरात पोहोचले. ते ठराविक वेळीच येत असल्याने जमिनीखालचा हौद, मोटर आणि गच्चीवरची टाकी ही घराची अविभाज्य अंगे ठरली. दुसरे पाणी बोरिंगचे. माळव्याच्या काळ्या बेसॉल्ट खडकातून येणाऱ्या या पाण्यात कॅल्शियम व मॅग्नेशियमचे क्षार विरघळलेले असतात; पाणी तापले की त्यांतील काही भाग पांढऱ्या थराच्या रूपाने गिझरमध्ये व नळाच्या तोंडाशी बसतो. म्हणून येथे कोणत्याही तक्रारीची चौकशी ‘हा नळ कोणत्या पाण्याचा?’ या प्रश्नापासून सुरू करावी लागते. घराचा ताबा मिळताच एकेक व्हॉल्व बंद करून कोणता नळ थांबतो ते पाहावे आणि प्रत्येक व्हॉल्वला चिठ्ठी बांधावी. जो व्हॉल्व वर्षानुवर्षे फिरविलेला नाही, तो पाइप फुटल्यावर फिरत नाही.

पाणी बारीक येते, ही सर्वांत नेहमीची तक्रार. टाकीतील पाण्याची पातळी नळापेक्षा ३ मीटर उंच असेल तर दाब दर चौरस सेंटिमीटरला जेमतेम ०.३ किलोग्रॅम मिळतो. त्यामुळे वरच्या मजल्यावरील मंद धार हा बिघाड असेलच असे नाही. आधी टाकीची उंची मोजावी. एकाच नळाला कमी पाणी असल्यास तोंडाची जाळी काढून लिंबूसत्त्वाच्या पाण्यात भिजत ठेवावी. गार पाणी जोरात आणि गरम पाणी बारीक येत असेल, तर गिझरच्या आगमन-नळीत किंवा तेथील एकदिशा (पाणी एकाच दिशेने जाऊ देणाऱ्या) व्हॉल्वमध्ये क्षार साचला असण्याचा संभव मोठा. टाकी पूर्ण रिकामी होऊन पुन्हा भरल्यानंतर घरभर पाणी थांबले, तर पाइपात हवा अडकली आहे असे समजावे. टाकी भरलेली असताना सर्वांत खालचा नळ पूर्ण उघडून ठेवल्यास हवा बहुधा निघून जाते, आणि टाकीच्या निर्गमावर हवेची उभी नळी बसविल्यास ही अडचण पुन्हा सहसा येत नाही. दाब वाढावा म्हणून नर्मदेच्या नळाला थेट मोटर जोडणे मात्र सर्वथा वर्ज्य मानावे. त्या ओढीने वाहिनीत निर्वात निर्माण होतो आणि फटींमधून आजूबाजूचे गटाराचे पाणी पिण्याच्या पाण्यात शिरते. त्याची झळ शेजाऱ्यांनाही लागते.

गळती शोधताना रात्री हौदाच्या व टाकीच्या पातळीवर खूण करून सर्व नळ बंद ठेवावेत. सकाळी हौद उतरला असेल तर दोष हौदात, टाकी उतरली असेल तर घरातील पाइपात किंवा फ्लशमध्ये. जिलेबीत घालतात तो खाण्याचा रंग फ्लशच्या टाकीत टाकावा. फ्लश न करता अर्ध्या तासात शौचकूपाच्या भांड्यात रंग उतरल्यास आतला वाशर बदलावा. भिंतीची ओल बाराही महिने सारखी राहत असेल तर दाबाच्या पाइपाचा संशय घ्यावा, अंघोळीनंतर वाढत असेल तर न्हाणीघराच्या निचऱ्याचा आणि केवळ पावसाळ्यात दिसत असेल तर गच्चीचा.

तुंबलेल्या निचऱ्याचे निदान चेंबरच्या झाकणाखाली होते. मोरी तुंबली असता घराजवळचे चेंबर उघडावे: ते भरलेले असल्यास अडथळा पुढे, रस्त्याच्या बाजूला असतो, कोरडे असल्यास घर आणि चेंबर यांच्यामध्ये. एकच बेसिन तुंबले तर त्याखालचा ट्रॅप (थोडे पाणी अडवून ठेवणारी वाकडी नळी) साफ करणे पुरते. फ्लश केल्यावर न्हाणीघराच्या फरशीतील ट्रॅपमधून गुडगुड आवाज येत असेल, तर मुख्य वाहिनी अर्धवट भरली आहे किंवा हवेचा उभा पाइप बंद झाला आहे. स्वयंपाकघराच्या वाहिनीत तूप-तेल थंडीच्या दिवसांत थिजते व त्यावर भाताची शिते आणि चहाचा चोथा चिकटतो. दिवाळीच्या फराळाचे उरलेले तळण मोरीत ओतणे हे डिसेंबरातील तुंबण्याचे एक सरळ कारण आहे.

दुर्गंधी येत असेल तर प्रथम ट्रॅपमधील पाणी पाहावे. तेथे सुमारे ५० मिमी. उंचीचे पाणी सतत असेल तरच गटाराचा वायू अडतो. मे महिन्यात घर बंद करून पुण्या-नाशिककडे गेलेल्या कुटुंबाच्या घरात हे पाणी सुकते. निघताना ट्रॅपमध्ये पाणी ओतून वर चमचाभर तेल सोडल्यास ते फार सावकाश आटते.

तुंबलेल्या निचऱ्यात आम्ल ओतण्याची सवय हानिकारक आहे. आम्ल सिमेंटचे सांधे खाते, ब्लीचिंग पावडरशी मिसळल्यास क्लोरीन हा विषारी वायू तयार होतो आणि कॉस्टिक सोड्यावर पडल्यास ते उसळून अंगावर येते. खोल चेंबरमध्ये किंवा शौचटाकीत माणूस उतरविणे प्राणघातक आहे व २०१३ च्या कायद्याने माणसाकरवी अशी धोकादायक सफाई करून घेण्यास बंदी आहे. त्यासाठी सक्शन यंत्राची गाडी बोलवावी.

एकच जागा वारंवार तुंबत असल्यास दोष उतारात किंवा जमिनीत असतो. १०० मिमी. पाइपाला मीटरमागे सुमारे दीड ते दोन सेंटिमीटर उतार लागतो. माळव्याची काळी माती पावसात फुगते व उन्हाळ्यात भेगाळते, त्यामुळे जुन्या चिनी मातीच्या पाइपांचे सांधे सरकतात आणि झाडांची मुळे आत शिरतात. शिवाय २०२१ मध्ये इंदूर देशातील पहिले ‘वॉटर प्लस’ (सांडपाणी प्रक्रियेविना नदी-नाल्यांत न सोडणारे) शहर ठरले, त्याआधी नाल्यांत सुटणारे घरोघरचे निचरे मलवाहिनीला जोडण्यात आले होते. ज्या घराचा मूळ उतार मागच्या नाल्याकडे होता, त्याची नवी जोडणी कोणत्या बाजूने व किती खोलीवर झाली, हे खरेदीच्या वेळीच विचारून घ्यावे. सार्वजनिक वाहिनीच तुंबलेली आढळल्यास ‘इंदूर ३११’ या ॲपवर महापालिकेकडे तक्रार नोंदविता येते. सोबत भरलेल्या चेंबरचे छायाचित्र द्यावे.