लॅबची इंटर्नशिप आणि पर्यावरण-कायदा संस्थेची विज्ञान इंटर्नशिप: एकच अर्ज दोन्हीकडे का चालत नाही

पर्यावरणाचे खटले लढवणाऱ्या ना-नफा संस्था विज्ञानाच्या विद्यार्थ्यांनाही इंटर्न म्हणून घेतात. जाहिरातीत ‘सायन्स इंटर्न’ वाचलं की विद्यार्थी लॅबसाठी तयार ठेवलेला एसओपी (स्टेटमेंट ऑफ पर्पज, म्हणजे आपला हेतू सांगणारं निवेदन) काढतात, संस्थेचं नाव बदलतात आणि पाठवून देतात. चांगली, मेहनती मुलं यामुळे पहिल्याच चाळणीत गळतात आणि का गळलो हे त्यांना कोणी सांगत नाही.

लॅबच्या इंटर्नशिपबद्दल फार सांगायला नको. गाईडचा प्रकल्प चालू असतो, त्यातला एक तुकडा तुमच्या वाट्याला येतो, शेवटी रिपोर्ट किंवा पोस्टर होतं. कोणती उपकरणं हाताळलीत, कोणती सॉफ्टवेअर येतात, गाईडच्या कोणत्या कामामुळे इथे यावंसं वाटलं, एवढं अर्जात नीट आलं की पुरे.

कायदा संस्थेत बहुधा प्रयोगशाळाच नसते. अमेरिकेत ओरेगनमधल्या युजीनची, १९८९ साली सुरू झालेली ‘एनव्हायर्न्मेंटल लॉ अलायन्स वर्ल्डवाइड’ घ्या. तिथले शास्त्रज्ञ देशोदेशीच्या वकिलांना पर्यावरणीय परिणाम मूल्यांकनाचे, म्हणजे ईआयएचे, अहवाल तपासून देतात. अशा इतर संस्थांतही काम साधारण याच जातीचं: शेकडो पानांचा अहवाल वाचायचा, तक्ते तपासायचे, प्रसिद्ध झालेलं संशोधन धुंडाळायचं, नकाशे करायचे, समोरच्या तज्ज्ञाला काय विचारावं याची टिपणं वकिलाला काढून द्यायची. साक्ष मात्र इंटर्न देत नाही, ती नेमलेला तज्ज्ञ देतो.

खरी मेख पुढे आहे. लॅबमध्ये प्रश्न संशोधकाचा असतो आणि ‘आणखी अभ्यास हवा’ हे तिथे प्रामाणिक उत्तर असतं. कायदा संस्थेत प्रश्न वकिलाचा असतो, सुनावणीची तारीख पडलेली असते आणि नवा डेटा गोळा करायला सहसा सवड नसते. हातात जे आहे त्यावरून नेमकं काय म्हणता येतं, काय म्हणता येत नाही आणि समोरचा वकील कुठे बोट ठेवेल, एवढं सांगायचं असतं. लॅबमध्ये तुम्ही निष्कर्ष मिळवता, इथे दुसऱ्याच्या निष्कर्षाचा पुरावा म्हणून कस लावता.

एक तक्ता जवळून बघू. ईआयए अहवालात विहिरीच्या पाण्याची तपासणी दिली आहे आणि आर्सेनिकपुढे ‘बीडीएल’ असं लिहिलंय, म्हणजे मापनमर्यादेच्या खाली. वाचणारा ‘आर्सेनिक नाही’ असं धरून पुढे जातो. परिशिष्ट उघडलं की दिसतं, लॅबची मापनमर्यादा लिटरमागे ०.०५ मिलिग्रॅम. जागतिक आरोग्य संघटनेचं पिण्याच्या पाण्यासाठीचं मार्गदर्शक मूल्य ०.०१ मिलिग्रॅम. पाण्यात त्याच्या चौपट आर्सेनिक असतं तरी तक्त्यात ‘बीडीएल’च छापून आलं असतं! आता ‘पाणी दूषित आहे’ असं इंटर्नने लिहिलं तर ते चूक, कारण तसा पुरावा नाही. ‘या चाचणीवरून पाणी सुरक्षित आहे असं म्हणता येत नाही’ हे बरोबर, आणि वकिलाच्या कामाचं वाक्य हेच. सोबत पान क्रमांक, तक्ता क्रमांक आणि विचारायचा प्रश्न: कोणती पद्धत वापरली, आणि याहून संवेदनशील पद्धत का वापरली नाही?

दुसरी जागा सांख्यिकीची. इथे हुशार मुलंच जास्त अडखळतात. समजा, एका अभ्यासात कारखान्याजवळच्या वस्तीत दम्याची सापेक्ष जोखीम, म्हणजे इतर ठिकाणच्या तुलनेत धोका किती पट, १.४ निघाली, ९५ टक्के कॉन्फिडन्स इंटरव्हल (डेटाशी जुळणाऱ्या मूल्यांचा पल्ला) ०.९५ ते २.०६. या पल्ल्यात १, म्हणजे ‘काहीच फरक नाही’, येतो म्हणून विद्यार्थी सवयीने लिहितो, ‘परिणाम आढळला नाही.’ हे लॅबमध्येही चूकच, पण इथे ते वाक्य समोरचा वकील जसंच्या तसं वाचून दाखवेल. आकडे म्हणतात ते असं: सर्वांत जवळचा अंदाज ४० टक्के वाढीचा आहे, पण किंचित घट ते दुपटीहून थोडी जास्त वाढ, यातलं काहीही या डेटाशी जुळतं. दिवाणी दाव्यांत अनेक देशांची कसोटी ‘असण्याची शक्यता नसण्यापेक्षा जास्त’ अशी असते. ती कसोटी आणि ०.०५ ची पी-व्हॅल्यू (खरा परिणाम नसताना निव्वळ योगायोगाने एवढा किंवा याहून मोठा फरक दिसण्याची शक्यता) ही दोन निराळी मापं आहेत, एकावरून दुसरं काढता येत नाही. वरच्या अभ्यासाची पी-व्हॅल्यू ०.०९ च्या आसपास येते. म्हणून ‘दावा खरा असण्याची शक्यता ९१ टक्के’ असं उत्साहाने सांगणारा इंटर्न वकिलाला भर कोर्टात तोंडघशी पाडतो. आकडा द्या, इंटरव्हल द्या, अभ्यासातले कच्चे दुवे द्या (धूम्रपानाचा हिशेब धरला होता का?). पुरावा पुरेसा आहे की नाही हे न्यायालय ठरवेल. ‘कायद्याचा भंग झाला’ हे वाक्य विज्ञानाच्या मेमोत, म्हणजे वकिलासाठीच्या टिपणात, अजिबात नको.

हे तुम्हाला जमतं, याची खूण अर्जात दिसते ती मुख्यतः रायटिंग सॅम्पलमध्ये, म्हणजे अर्जासोबत जोडायच्या लेखनाच्या नमुन्यात. त्यासाठी प्रबंधातलं प्रकरण कापून जोडू नका. वाचणारा वकीलही असू शकतो आणि तिसऱ्या पानापर्यंत मुद्दाच आला नाही तर तो थांबतो. पाच लेखकांचा पेपर तर मुळीच नको, त्यात तुमची वाक्यं कोणती हे कळायला मार्ग नसतो. सार्वजनिकरीत्या उपलब्ध असलेला एखादा ईआयए अहवाल घ्या, त्यातला एकच तक्ता किंवा एकच दावा निवडा आणि नवा दोन पानी मेमो लिहा. पहिल्या ओळीत प्रश्न. लगेच खाली दोन-तीन वाक्यांत उत्तर. मग आधार, प्रत्येकाला पान क्रमांकासह. मग तुमच्याच उत्तरातल्या कमकुवत जागा. हा भाग बहुतेक जण गाळतात आणि नेमका तोच आधी वाचला जातो. शेवटी, कोणता कागद मिळाला तर प्रश्न निकाली निघेल. आकड्याला एकक हवंच, आणि किती वेळाची सरासरी तेही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या मार्गदर्शक मूल्यांत पीएम २.५ साठी (हवेतल्या अतिसूक्ष्म कणांसाठी) वार्षिक सरासरी घनमीटरमागे ५ मायक्रोग्रॅम आहे आणि २४ तासांची १५. एका दिवसाचं मोजमाप ५ शी ताडून ‘मर्यादा ओलांडली’ असं लिहिलेला मेमो तिथेच बाजूला पडतो.

कव्हर लेटरमधून ‘लहानपणापासून निसर्गाची आवड’ काढून टाका. ‘प्रदूषण करणाऱ्यांना धडा शिकवायचा आहे’ हेही काढा. संस्थेला असा माणूस हवा असतो जो वकिलाला वेळेवर सांगेल की हा मुद्दा टिकणार नाही, सोडून द्या. अगोदरच बाजू घेऊन बसलेल्याकडून ते होत नाही. कलमं पाठ असण्याचीही गरज नाही, ते काम कायद्याच्या इंटर्नचं. सीव्ही एक पानाचा. मानधन, कालावधी, घरून काम हे सगळं जाहिरातीत असतं.

एक गोष्ट लॅबच्या अर्जात सहसा येत नाही आणि इथे फार महत्त्वाची ठरते: हितसंबंध. तुमच्या गाईडने एखाद्या कंपनीसाठी सल्लागार म्हणून काम केलं असेल, किंवा तुम्ही ईआयए करणाऱ्या कन्सल्टन्सीत होतात, तर अर्जातच एका ओळीत सांगा. त्याने अर्ज बाद होतोच असं नाही, संस्था तुम्हाला वेगळ्या प्रकरणावर ठेवू शकते. नंतर विरुद्ध बाजूने ते शोधून काढलं तर मात्र तुमचा हात लागलेलं प्रत्येक टिपण संशयाखाली येतं. आणि त्या कन्सल्टन्सीतला अप्रकाशित अहवाल नमुना म्हणून जोडू नका. आधीच्या ठिकाणचे कागद जो बाहेर देतो तो इथलेही देईल, असंच वाचणारा धरून चालतो. नावं खोडून भागत नाही. ठिकाण आणि आकड्यांवरून प्रकल्प ओळखू येतो. लेखी परवानगी घ्या, नाहीतर वरचा दोन पानी मेमोच पाठवा.