कोंडो परिणाम : चुंबकीय अणू व पुंजबिंदू

अचुंबकीय धातूत विरळ विखुरलेले चुंबकीय अणू, किंवा अर्धसंवाहकातील अतिसूक्ष्म कप्प्यात अडकलेला एकटा इलेक्ट्रॉन, यांचा नीच तापमानाला भोवतालच्या वाहत्या इलेक्ट्रॉनांशी सामूहिक संबंध जुळतो. या संबंधामुळे विद्युत् वहनात होणाऱ्या बदलाला कोंडो परिणाम म्हणतात. धातूच्या तारेत त्यामुळे रोध वाढतो. पुंजबिंदूत (क्वांटम डॉटमध्ये) नेमक्या त्याच कारणाने वहन वाढते. ही उलटापालट ध्यानात आली की विषयाचा मोठा भाग उलगडतो.

नाव जपानी भौतिकीविज्ञ जुन कोंडो (१९३०–२०२२) यांच्यावरून पडले. भंडारा-गोंदियाकडच्या धानपट्ट्यात हा शब्द प्रथम ऐकणाऱ्या विद्यार्थ्याला राइस मिलमधला कोंडा आठवतो, तर कोणी तो ‘कोंडणे’ या क्रियापदाशी जोडतो. दोन्हींशी या आडनावाचा संबंध नाही. पुंजबिंदू म्हणजे इलेक्ट्रॉन कोंडण्याचीच जागा असल्याने दुसरी चूक मात्र लक्षात ठेवायला उपयोगी पडते. ‘स्पिन’साठी (इलेक्ट्रॉनाच्या अंगभूत, वर किंवा खाली अशा दिशेच्या चुंबकीय गुणासाठी) जुन्या मराठी ग्रंथांत ‘परिवलन’ हा शब्द आढळतो. त्यातून इलेक्ट्रॉन भोवऱ्यासारखा फिरतो असा समज होतो, म्हणून येथे स्पिन हाच शब्द ठेवला आहे.

चुंबकीय मलद्रव्य म्हणजे काय : येथे पहिलीच गफलत होते. मलद्रव्य म्हणजे मूळ धातूत थोड्या प्रमाणात मिसळलेले परके अणू; चुंबकीय मलद्रव्य म्हणजे लोहचुंबकाचा कण नव्हे. वर्धा नदीच्या वाळूत दोरीला बांधलेला चुंबक ओढला तर त्याला काळे कण केसांसारखे उभे चिकटतात. ते बेसाल्ट खडकातून सुटलेले मॅग्नेटाइट असते व त्याच्या प्रत्येक कणात अब्जावधी अणू एका शिस्तीत असतात. आपल्याला हवा आहे तो एकटा अणू, ज्याच्या आतल्या कवचातील काही इलेक्ट्रॉनांना जोडीदार मिळालेला नाही.

तुमसर तालुक्यातील चिखला, डोंगरी बुजुर्ग या खाणींच्या परिसरात मँगॅनिजाच्या धातुकाचे काळे, हाताला अपेक्षेपेक्षा जड लागणारे तुकडे पाहायला मिळतात. एल. एल. फर्मर या भूवैज्ञानिकाने ज्या खडकाला गोंड लोकांवरून ‘गोंडाइट’ हे नाव दिले, त्याच खडकांच्या साथीने हे धातुक आढळते. यातील बहुतेक तुकडे शाळेतल्या चुंबकाला चिकटत नाहीत (व्रेडेनबर्गाइटसारखी काही खनिजे अपवाद). तरीही मँगॅनिजाचा एक सुटा अणू घेतला तर त्यात पाच बेजोड इलेक्ट्रॉन असतात. असे अणू चांदीत किंवा तांब्यात दहा लाखांत एक या प्रमाणात शिरले, तरी सूक्ष्म उपकरणातील इलेक्ट्रॉनांचा व्यवहार बदलतो. तुकडा चिकटतो की नाही ही कसोटी येथे निरुपयोगी आहे.

याउलट भंडाऱ्याचे प्रसिद्ध पितळ घ्यावे. पितळेत जस्त बहुधा तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास असते आणि त्यामुळे तांब्याचा रोध चांगलाच वाढतो. पण जस्ताच्या अणूत बेजोड इलेक्ट्रॉन नसतो, त्यामुळे केवळ जस्ताने कोंडो परिणाम होत नाही. शेकडा तीस जस्ताने जे होत नाही ते लाखात काही लोहअणूंनी होते.

शोधाचा प्रश्न : शुद्ध धातू थंड करत नेला की त्याचा रोध घटत जातो व शेवटी स्थिरावतो, अशी अपेक्षा असते. काही नमुन्यांत तो एका किमान मूल्यापर्यंत उतरून पुन्हा वाढू लागतो. हे ‘रोध-किमान’ प्रथम कोणी पाहिले याविषयी लेखकांत एकवाक्यता नाही. सामान्यतः श्रेय नेदरलँड्समधील लायडनच्या डी हास, डी बूर व व्हान डेन बेर्ख यांना दिले जाते. सोन्यावरील त्यांची मोजमापे १९३४ मध्ये प्रसिद्ध झाली. वाल्टर माइसनर व फोइख्ट यांच्या १९३० च्या बर्लिन येथील मोजमापांत अशा वाढीची चिन्हे होती, याकडे काही इतिहासकार लक्ष वेधतात. मोजमापांत चिन्ह दिसणे आणि ते स्वतंत्र कोडे आहे हे ओळखणे यांत फरक करावा लागतो. तो केल्यास १९३४ हे वर्ष अधिक ग्राह्य वाटते.

हा दोष नेमका कशाचा, हे त्यानंतरही बराच काळ अनिश्चित राहिले. १९५० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत लायडनमध्येच गेरिटसेन व लिंडे यांनी चांदीत थोडे मँगॅनीज मिसळलेल्या मिश्रधातूंचा अभ्यास केला आणि संशय चुंबकीय अणूंवर येऊ लागला. अचुंबकीय धातूत शिरलेला अणू आपला चुंबकीय आघूर्ण (चुंबकत्वाचे बळ) केव्हा टिकवतो व केव्हा गमावतो, याचे प्रतिमान फिलिप अँडरसन यांनी १९६१ मध्ये मांडले. पुंजबिंदूंना पुढे हेच प्रतिमान जसेच्या तसे लागू पडले. मिरियम सॅराचिक व सहकाऱ्यांनी १९६४ मध्ये दाखवून दिले की, जेथे लोहअणूचा आघूर्ण टिकतो तेथेच रोध-किमान दिसते. स्पष्टीकरण देणारा कोंडो यांचा निबंधही त्याच वर्षीचा. कोंडो यांचे नाव सर्वतोमुखी झाले आणि प्रायोगिक दुवा सांधणाऱ्या सॅराचिक यांचा उल्लेख पाठ्यपुस्तकांतून अनेकदा गळतो, हे योग्य नाही.

कोंडो यांचे गणित : धानाच्या बांध्यांमधून, धुऱ्याधुऱ्याने जाणारी पायवाट कल्पावी. वाटेत दगड असेल तर प्रत्येक जण सारखाच ठेचकाळतो. आधी कोण गेला याने पुढच्याला फरक पडत नाही. जस्ताचा अणू हा असा दगड. आता दगडाच्या जागी दोन्ही बाजूंना उघडणारे लाकडी फाटक आहे असे समजावे. आधीचा माणूस ते ज्या बाजूला ढकलून गेला, तसेच ते पुढच्याला सापडते. चुंबकीय अणूचा स्पिन हा असे फाटक आहे. एक इलेक्ट्रॉन आदळून गेला की त्याचा व अणूचा स्पिन उलटू शकतो, आणि पुढच्या इलेक्ट्रॉनाला बदललेला अणू भेटतो. अशा रीतीने एरवी परस्परांशी देणेघेणे नसलेले इलेक्ट्रॉन त्या एका अणूमार्फत एकमेकांत गुंततात. दाखला येथवरच चालतो; पुंज-अवस्थांचे मिश्रण फाटकाने दाखवता येत नाही.

कोंडो यांनी प्रकीर्णनाचा (इलेक्ट्रॉन अणूवर आदळून विखुरण्याचा) हिशेब पूर्वीच्या लेखकांपेक्षा एक पायरी पुढे नेला. स्पिन आधी वर मग खाली आणि आधी खाली मग वर, या दोन क्रमांची वजाबाकी शून्य येत नाही. उरलेले पद तापमान उतरताना लॉगरिदमप्रमाणे वाढत जाते. अणुजालकाच्या कंपनांमुळे येणारा रोध नीच तापमानाला तापमानाच्या पाचव्या घाताने घटतो. एक घटता व एक वाढता अशा दोन रोधांच्या बेरजेतून किमान बिंदू मिळतो आणि त्याचे तापमान मलद्रव्याच्या प्रमाणाच्या पाचव्या मुळाशी निगडित असते. मलद्रव्य दसपट केले तरी किमान बिंदू जेमतेम १·६ पट वर सरकतो. प्रयोगांत नेमके हेच आढळले होते आणि सिद्धांत स्वीकारला जाण्यामागे ही जुळणी निर्णायक ठरली.

अडचण अशी की लॉगरिदमचे पद तापमान शून्याकडे जाताना अनंत होते, जे अशक्य आहे. ज्या तापमानाखाली हे गणित मोडते त्याला कोंडो तापमान म्हणतात. त्याखाली काय होते हे केनेथ विल्सन यांनी १९७५ च्या सुमारास संख्यात्मक पुनर्सामान्यीकरणाच्या (मोठ्या ऊर्जेपासून लहान ऊर्जेकडे टप्प्याटप्प्याने हिशेब करत जाण्याच्या) रीतीने उलगडले : भोवतालचे इलेक्ट्रॉन मिळून अणूच्या स्पिनला विरुद्ध स्पिनने झाकून टाकतात व बाहेरून पाहता तो अचुंबकीय होतो. ही रीत अँडरसन प्रतिमानाला लावून त्याची सविस्तर उत्तरे काढणाऱ्यांत भारतीय भौतिकीविज्ञ एच. आर. कृष्णमूर्ती हे विल्किन्स व विल्सन यांचे सहलेखक होते (१९८०). १९८० मध्येच आंद्रेई व वीगमान यांनी स्वतंत्रपणे अचूक उत्तरेही काढली.

तापमानांचा अंदाज : ग्रामीण भागात सहज भेटणारी सर्वांत थंड वस्तू बहुधा पशुवैद्यकीय दवाखान्यातील द्रव नायट्रोजन होय. कृत्रिम रेतनासाठीच्या रेतमात्रा त्यात −१९६° से. ला, म्हणजे ७७ केल्विनला, ठेवतात. जळालेल्या पंपाच्या मोटारीतून काढलेल्या तांब्याच्या तारेची ४० ओहमची गुंडाळी मोकळ्या हवेत, जाणकाराच्या हाताने त्यात बुडवली, तर मल्टिमीटरवरील आकडा भराभर उतरत ५ ओहमच्या आसपास येतो. अणुजालकाची कंपने मंदावल्याचा हा पुरावा डोळ्यांना दिसतो. कोंडो परिणाम याच्याही पुष्कळ खाली सुरू होतो. तांब्यातील लोहाचे कोंडो तापमान सु. ३० केल्विन, तर तांब्यातील मँगॅनिजाचे सु. ०·०१ केल्विन मानले जाते. एकाच धातूत दोन मलद्रव्यांत हजारोपट तफावत पडते, कारण हे तापमान अणू व वाहते इलेक्ट्रॉन यांच्या जोडणीच्या बळावर घातांकी रीतीने अवलंबून असते.

पुंजबिंदूंतील परिणाम : गॅलियम आर्सेनाइडासारख्या अर्धसंवाहकाच्या थरावर धातूचे सूक्ष्म इलेक्ट्रोड बसवून, त्यांच्यावरील व्होल्टेजाने इलेक्ट्रॉनांसाठी एक कप्पा तयार करतात. त्याचा व्यास १०० ते २०० नॅनोमीटर धरला, तर कापसाच्या एका तंतूच्या जाडीत असे सु. शंभर कप्पे शेजारी शेजारी मावतील. आत किती इलेक्ट्रॉन आहेत हे एकेकाने मोजून बदलता येते. नवा इलेक्ट्रॉन आत घ्यायला आतल्यांच्या प्रतिकर्षणामुळे ऊर्जा लागते आणि ती नसेल तर वहन थांबते (कूलंब अडसर).

आतली संख्या सम असेल तर साधारणतः सर्वांच्या जोड्या लागतात. विषम असेल तर एक बेजोड राहतो आणि पूर्ण बिंदू एखाद्या चुंबकीय अणूसारखा वागतो. अडसर असूनही अनिश्चिततेच्या नियमाने क्षणभर उसन्या ऊर्जेवर आतला इलेक्ट्रॉन बाहेर पडून उलट स्पिनचा दुसरा आत येऊ शकतो. तापमान पुरेसे उतरले की अशा असंख्य अदलाबदलींतून फेर्मी पातळीवर (इलेक्ट्रॉनांनी भरलेल्या ऊर्जांच्या वरच्या सीमेवर) एक अरुंद अनुस्पंदन (रेझोनन्स) उभे राहते. धातूत इलेक्ट्रॉनांना पुढे जायला अणूला वळसा घालण्याची मोकळीक असते, म्हणून अणूवरील वाढीव प्रकीर्णन म्हणजे वाढीव रोध. पुंजबिंदूत डावीकडून उजवीकडे जायला बिंदूखेरीज वाटच नसते. येथे प्रकीर्णन म्हणजेच पलीकडे पोचणे. म्हणून थंडीबरोबर वहन वाढते. दोन्ही बाजूंची जोडणी समान असल्यास रोध सु. १२·९ किलोओहम या, केवळ प्लांक स्थिरांक व इलेक्ट्रॉनाचा भार यांवर ठरणाऱ्या मूल्यापर्यंत येऊ शकतो. व्हान डेर वील व सहकाऱ्यांनी २००० मध्ये ही मर्यादा जवळजवळ गाठली.

हे भाकीत १९८८ मध्ये ग्लाझमन व राइख यांनी आणि स्वतंत्रपणे एन्ग व ली यांनी केले होते. प्रयोगातील अग्रहक्काबाबत मात्र मतभेद संभवतो. राल्फ व बर्मन यांनी १९९४ मध्ये धातूच्या सूक्ष्म संपर्कातील एका विद्युत्-सापळ्यात कोंडो परिणाम नोंदवला. तेथे सापळा आपोआप घडलेला होता व तो हवा तसा बदलता येत नव्हता. डेव्हिड गोल्डहेबर-गॉर्डन व सहकारी तसेच क्रोनेनवेट, ओस्टरकाम्प व कौवेनहोव्हन यांनी १९९८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत एकाच बिंदूची संख्या, जोडणी व कोंडो तापमान इलेक्ट्रोडने फिरवून पाहता आले. सिद्धांताची खरी परीक्षा या दुसऱ्या प्रकाराने झाली, त्यामुळे १९९८ हेच या शाखेचे आरंभवर्ष धरण्याकडे कल आहे. शून्य व्होल्टेजापाशी दिसणारे वहनाचे शिखर चुंबकीय क्षेत्रात दुभंगणे, ही तेव्हापासून मुख्य ओळखखूण ठरली.

सूक्ष्म तारांतील वाद : पुंज-उपकरणात इलेक्ट्रॉनाच्या तरंगाची कला (चढ-उतारांची लय) किती काळ टिकते याला महत्त्व असते. मोहंती, जरीवाला व वेब यांनी १९९७ मध्ये असे नोंदवले की, तापमान कितीही उतरवले तरी हा काळ एका मर्यादेपुढे वाढत नाही. त्यांच्या मते याला भोवतालच्या विद्युत्-चुंबकीय क्षेत्रातील शून्य-बिंदू आंदोलने (शून्य तापमानालाही न थांबणारी) कारण असावीत. तसे असते तर धातूंविषयीच्या मूळ कल्पनांनाच धक्का बसला असता. दुसऱ्या पक्षाने बोट मलद्रव्यांकडे दाखवले : फाटकाची स्थिती बदलत राहिली की जाणाऱ्याच्या तरंगाची कला बिघडणारच.

प्येर, बर्ज व सहकाऱ्यांनी २००३ मध्ये याची बारकाईने तपासणी केली. ९९·९९९९ टक्के शुद्ध चांदीपासून केलेल्या तारांत कला-काळ ४० मिलिकेल्विनच्या आसपासपर्यंत वाढत राहिला. ९९·९९९ टक्के, म्हणजे एका नऊने कमी शुद्धतेच्या चांदीत तो अडकला. सराफाकडील ९९९ शिक्क्याच्या उत्तम चांदीत हजारात एक भाग इतर असू शकतो. येथे प्रश्न दहा लाखांत एका भागाचा होता आणि एवढे थोडे मँगॅनीज रासायनिक पृथक्करणानेही सहज सापडत नाही. मुद्दाम मँगॅनीज घातलेल्या चांदीतही तसाच अडकाव दिसला. शून्य-बिंदू आंदोलनांचा पक्ष पूर्णतः मागे घेतला गेलेला नसला, तरी शुद्ध नमुन्यांनी त्याला फारशी जागा ठेवलेली नाही. उलट, तारेतील कला-काळ हाच आता मलद्रव्य मोजण्याचा अत्यंत संवेदनशील उपाय मानला जातो.

इतर रूपे : सोन्याच्या पृष्ठभागावरील एकेका कोबाल्ट अणूवर हा परिणाम १९९८ मध्ये दिसला, कार्बन नलिकांत २०००, तर एकेका रेणूच्या उपकरणांत २००२ मध्ये. दोन स्वतंत्र इलेक्ट्रॉन-संच एकाच स्पिनला झाकू पाहतात असा द्विमार्गी प्रकार २००७ मध्ये बिंदूंवर साधला गेला. स्पिनला झाकणाऱ्या इलेक्ट्रॉनांचा ‘कोंडो मेघ’ केवढा असतो हा प्रश्न दीर्घकाळ केवळ कागदावर होता. २०२० मध्ये पुंजबिंदूला जोडलेल्या व्यतिकरणमापकाने (इलेक्ट्रॉन-तरंग एकमेकांत मिसळून मोजणाऱ्या उपकरणाने) त्याची लांबी मोजली गेली. ती मायक्रोमीटरच्या श्रेणीची, म्हणजे ज्या बिंदूतल्या एका इलेक्ट्रॉनाभोवती तो जमतो त्या बिंदूच्या कित्येक पट, भरली.