एडिटवरचा फीडबॅक : मित्राला काय वाटलं वेगळं, मित्राने काय सुचवलं वेगळं

ज्युनिअर पोरांचा म्युझिक व्हिडिओ बघायला आम्ही पाच जण बसलो होतो, तीन मिनिटांचं गाणं, शूटिंग सोलापूरच्या सिद्धेश्वर तलावाच्या काठावर आणि भुईकोट किल्ल्याजवळ, फुटेज खरंच छान. एडिट करणाऱ्या पोरीने प्रत्येकाचं म्हणणं वहीत लिहून घेतलं, दोन दिवसात जसंच्या तसं करून आणलं आणि व्हिडिओ आधीपेक्षा बिघडला. रडवेली झाली होती बिचारी. मला फार वाईट वाटलं, कारण तिने मेहनत कमी केली नव्हती, फक्त दोन गोष्टी एकच समजली होती.

एक जण म्हणाला होता, "१:१२ ला तो तलावाचा शॉट लै लांब झालाय, काप की." आता यात "मला तिथं कंटाळा आला" हे झालं वाटणं, ते खरंच असतं, त्याच्याशी वाद घालायचा नाही. "काप" हे झालं सुचवणं, आणि तो अंदाज असतो, कारण त्याने तुमची टाइमलाइन (एडिटिंगमध्ये शॉट एकापुढे एक लावलेली पट्टी) बघितलेलीच नसते. आम्ही परत बघितलं तर घोळ त्या शॉटमध्ये नव्हताच, त्याच्या आधीचे वीस सेकंद प्रत्येक कट बरोब्बर हलगीच्या ठोक्यावर होता आणि सगळे शॉट कंबरेपासून वरचे, मग डोळ्याला तीच सवय लागते आणि शांत शॉट आला की अडकल्यासारखं होतं. तिने आधीचे दोन कट ठोक्यावरून हलवले, मधे एक हाताचा क्लोजअप टाकला आणि तलावाचा पूर्ण शॉट परत ठेवला. "काप" म्हणणाराच विचारायला लागला, किती कापलास? एक फ्रेम पण नाही.

दुसरं, "गाणाऱ्याच्या चेहऱ्यावर भावच नाहीत, दुसरा टेक घे." बघितलं तर चित्र आवाजाच्या दोन फ्रेम मागे होतं. सेकंदाला २५ फ्रेम (म्हणजे २५ चित्रं) असलेल्या व्हिडिओत एक फ्रेम ४० मिलिसेकंदाची, म्हणजे ८० चा फरक, आणि आवाज ओठांच्या आधी आला तर साधारण ४५ लाच माणसाला खटकायला लागतं (आवाज मागे राहिला तर तेवढं कळत नाही, १२५ पर्यंत चालून जातं). खटकलं बरोबर, कारण मात्र बोलणाऱ्याला माहीत नव्हतं. क्लिप दोन फ्रेम सरकवली, भाव आले!

काही सूचना मात्र सरळ ऐकायच्या, नाव चुकलंय, मधे एक काळी फ्रेम राहिलीय, आवाज फाटतोय, यात विचार करायला काही नाही.

म्हणून मी आता ज्युनिअर्सना सांगतो की "काय बदलू?" असं विचारूच नका. काही न समजावता व्हिडिओ लावा आणि प्रत्येकाला आपापल्या मोबाइलवर फक्त वेळ लिहायला सांगा, लक्ष कुठं उडालं, कुठं गोंधळ झाला, कुठं परत बघावंसं वाटलं. आपसात बोलायच्या आधी लिहायचं हं, नाहीतर जो पहिला मोठ्याने बोलला त्याचंच मत सगळ्यांचं होतं. तिघांची वेळ जवळपास एक आली की तिथून दहा सेकंद मागे जाऊन बघायचं. उपाय तिघांचे तीन असले तरी चालेल, तो तुम्हालाच शोधायचाय. आणि सुधारलेला व्हिडिओ दाखवताना एक तरी नवा माणूस बसवा, जुन्यांना आता पुढं काय येणार ते पाठ झालेलं असतं.